देवीचा हवालदार

सर्व विद्वान, अर्धविद्वान आणि चकलीचा डबा शेजारी घेऊन वाचायला बसलेल्या वाचकांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, जमाव एखाद्याला मारतो तेव्हा तो त्याचा वंश बघून मारतो की नाही, या जागतिक महत्त्वाच्या प्रश्नाचा निकाल मावळातल्या एका भाताच्या खळ्यात बऱ्याच वर्षांपूर्वी लागलेला आहे. निकाल लागला तेव्हा मी तिथे हजर होतो. किंबहुना ज्या पाठीवर तो लागला ती पाठ माझीच होती.

हे जाहीर करण्याची वेळ आमच्या लोणावळ्याच्या वाचनालयामुळे आली. गेल्या महिन्यात तिथे पुण्याच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. हल्ली वर्तमानपत्रं दंगलींच्या बातम्यांनीच भरलेली असतात, त्यामुळे गर्दी चांगली होती. ध्यानीमनी नसताना माणसं एकदम उठून कुणाला तरी मारू लागतात, त्यात वंशाचा भाग किती, असा विषय. प्राध्यापक दोन तास बोलले, अर्ध्या जगाला फिरवून आणलं आणि शेवटी म्हणाले, "कुणाला काही शंका?" मी उभा राहिलो. मला शंका नव्हती, अनुभव होता. विसाव्या मिनिटाला चिटणीसांनी घंटा वाजवली आणि मला बसावं लागलं. संपादकांकडे घंटा नसते, म्हणून उरलेलं इथे सांगतो.

आधी धंदा समजून घ्या. मी सरकारी देवी डॉक्टर. यातला सरकारी हा शब्द खरा, देवी हा अर्धा खरा आणि डॉक्टर हा निव्वळ लोकांचा मोठेपणा. पोरांच्या दंडावर देवीची लस टोचायची, एवढंच माझं काम. लस बेळगावहून टपालानं यायची, काचेच्या बारीक नळ्यांमधून. त्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डबीत ठेवायच्या आणि ऊन चढायच्या आत गाव गाठायचं. दंडावर थेंब टाकायचा, त्यावर दातेरी चक्री दाबून फिरवायची, पोर कोकललं की पुढचं पोर. आठवड्यानं परत जाऊन फोड आला का बघायचं. फोड आला म्हणजे घरात देवी आल्या. मग त्या घरात फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचा डहाळा, आणि मला बसायला धुतलेली घोंगडी. देवी आणणारा म्हणून मान, आणि देवी आणणारा म्हणूनच शिव्या. दोन्ही एकाच बाईकडून एकाच दुपारी मिळाल्याचं मला आठवतं.

पाटलाला आठ दिवस आधी निरोप जायचा. म्हणजे गावाला पोरं लपवायला आठ दिवस मिळायचे. कुरवंड्याला एकदा मला कणगीची शंका आली. कणगी म्हणजे भात साठवायची उंच टोपली. मी वरून हात घातला, तर आतल्या पोरानं माझ्या बोटाचा कडकडून चावा घेतला. त्याच्या आईनं माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "आमच्या भातात काय हुडकताय?" बोटातून रक्त गळत असताना या प्रश्नाला अधिकारवाणीनं उत्तर देऊन बघा.

असा मी गावोगाव हरत होतो. मग एका वर्षी मला युक्ती सुचली, आणि इथून माझी लाज सुरू होते.

मला नकला चांगल्या येतात. चांगल्या येतात असं मला वाटतं. आंदर मावळातल्या एका वाडीत (नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला चहा देतात) बायका पोरांना पुढे आणेनात, तेव्हा मी सरळ एका ओट्यावर चढलो आणि म्हणालो, "नका टोचू. मला काय? पण देवीचा हवालदार हिंडतोय. तो दंड तपासतो. ज्या पोराच्या दंडावर खूण नाही ते पोर उचलतो."

"दिसतो कसा?" एकीनं विचारलं.

त्या क्षणी माझ्यातला नट जागा झाला. मी दोन बोटांनी डोळ्यांचे कोपरे ओढले, अंगठ्यानं नाक चेपलं, जवळच्या वाटीतली हळद गालांना फासली आणि घोंगडीचं गाठोडं पाठीवर टाकून ओट्यावर तुरुतुरु चाललो. "हा असा. पोरांना रेशमाची चिंधी देतो. चिंधी हातात धरली की पोर त्याचं." पोरं हसली. मग हसायची थांबली. बायकांनी निमूटपणे पोरांच्या बाह्या वर केल्या.

हा चेहरा मी कुठून आणला? लोणावळ्याच्या स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानातून. तिथे रोज सकाळी माझ्यासमोरच्या बाकावर लिन नावाचा चिनी कापडवाला बसायचा. त्याचं नाव लांब होतं, आम्ही आम्हाला झेपलं तेवढंच घेतलं. रेशमी कापडाचं गाठोडं पाठीवर घेऊन तो बंगल्याबंगल्यांतून फिरायचा, पोरं दिसली की कापडाच्या चिंध्या वाटायचा आणि बिनदुधाचा चहा प्यायचा, जो दुकानदाराला स्वतःचा अपमान वाटायचा. पाच वर्षांत त्यानं कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं. मला भीतीचा चेहरा हवा होता, आणि मी तो सोडून दुसरा शोधलासुद्धा नाही. खरं तर माझाच चेहरा काही कमी भयंकर नव्हता. पुढचे दोन दात आणि त्यावर माझ्या मिशा बघून कुत्री बाजूला होत असत. पण आपलं तोंड भीतीचं म्हणून कुणाला सुचत नाही.

त्या हिवाळ्यात मी हवालदाराचे बरेच प्रयोग केले. प्रत्येक गावात एखादी लकब वाढवली. माझ्या टोचणीचे आकडे असे फुगले की तपासणीला आलेल्या गोऱ्या साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मी घरी बायकोला तीनदा मारून दाखवली.

पुढच्या वर्षी भातझोडणीच्या दिवसांत मी पुन्हा त्याच वाडीवर निघालो. लशीचं टपाल उशिरा आलं, त्यामुळे ऊन कलल्यावर खिंड उतरलो तर खळ्यात सगळं गाव जमलेलं. मला वाटलं, माझ्याच स्वागताला. चाल आपोआप रुबाबदार झाली.

पाटील पुढे आले. त्यांना सगळे आबा म्हणत. "बरं झालं, डाक्टर, येळंवर आला," ते म्हणाले. "तुमचा हवालदार गावला."

माणसं बाजूला झाली. खळ्याच्या मधोमध जो खांब असतो, ज्याच्याभोवती मळणीचे बैल फिरवतात, त्या तिवड्याला लिन बांधलेला होता. कपाळ फुटलेलं, एका पायात बूट नाही. त्याचं हिरवं-तांबडं रेशीम भाताच्या राशीवर पसरलेलं. समोर भिकू नावाचा तरणा शेतकरी मांडीवर कोयता घेऊन बसला होता. त्याची चार वर्षांची चिमी सकाळपासून नाहीशी झाली होती. लिन निघाला होता पलीकडच्या धरणावरच्या साहेबांच्या बंगल्यांकडे. वाटेत पाणी मागायला थांबला आणि सवयीनं पोरांना चिंध्या वाटल्या. त्यातली एक भिकूच्या अंगणात सापडली.

"समदं जुळतंय," आबा म्हणाले. "डोळं त्येच, नाक त्येच, गठुडं बी हाय. तुमी सांगितलं न्हवतं तर आमाला काय कळलं असतं?"

भिकू माझ्याकडे न बघता बोलला. "दिस डोंगराआड जायच्या आत पोर कुटं हाय त्ये सांगू दे. न्हाईतर ह्येचा एक-एक हात तोडनार हाय मी."

सूर्य डोंगरापासून चार बोटं वर होता.

लिननं मान वर केली. मला बघून त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "डाक्टरसाब," तो म्हणाला.

सगळं खळं माझ्याकडे वळलं. आबांनी विचारलं, "वळकतो व्हय तुमाला?"

मी म्हणालो, "सरकारी माणसाला सगळेच ओळखतात."

हे वाक्य मी आयुष्यात बोललेलं आहे. त्यावर पांघरूण घालायला आजवर पुष्कळ विनोद रचले, एकही पुरला नाही.

मग मी सरकारीपणा लावून बघितला. "सोडा त्याला. माणसाला असं बांधणं गुन्हा आहे. हा साहेबांच्या बंगल्यावर जाणारा माणूस आहे."

यावर मात्र चर्चा झाली. आबांच्या कपाळाला आठी पडली. "गोऱ्यातला हाय का ह्यो? गोरा असंल तर समदं गाव खडी फोडाया जाईल."

"गोरा कसला, आबा," मागून कुणी तरी म्हणालं. "हळदीवानी हाय की."

"पर टोपी हाय."

"टोपी म्हाताऱ्या धोंडूकडं बी हाय. साहेब झाला व्हय तो?"

मी म्हणालो, "गोरा नसला म्हणून काय झालं? साहेबाचा माणूस आहे."

"साहेबाचा मानूस म्हंजे साहेब न्हवं," आबा सावकाश म्हणाले. "तुमी बी साहेबाचाच मानूस हाय की."

मला दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. याच खळ्यात तपासणीच्या साहेबाचा घोडा उधळला होता. एका म्हातारीचा पाय मोडला, भाताची रास विस्कटली. गावानं घोडा धरला, साहेबाला बसायला बाज दिली, दूध दिलं. म्हातारी कण्हत होती तर तिला हळू कण्हायला सांगितलं. तेव्हा मोडलेला पाय समोर होता, करणारा समोर होता, आणि हात उचलला नाही कुणी. इथे अंगणातली एक चिंधी पुरली होती.

सूर्य दोन बोटं राहिला. भिकू उठला. त्यानं लिनच्या उजव्या हाताची दोरी सोडली आणि तो हात लाकडाच्या फळीवर ठेवला. ही फळी भाताच्या पेंढ्या झोडायची. लिन आपल्या हाताकडे बघत राहिला, कापडाचा पन्हा बघावा तसा.

"थांब," मी म्हणालो. "हवालदार खोटा आहे. मी रचलेला आहे."

मी आवाज चढवला.

"देवीचा हवालदार असा कुणी नाही. तुम्ही पोरं पुढे आणावीत म्हणून मी सोंग केलं. हा लिन. लोणावळ्यात कापड विकतो. मी रोज याच्यासमोर बसून चहा पितो."

आबांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "डाक्टरला बी बाधलं. भ्या वाटतंय त्येंला."

आता माझी गंमत बघा. गेला हिवाळाभर मी गावोगाव खोटं सांगितलं तेव्हा एकाही माणसानं संशय घेतला नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा भर गर्दीत खरं बोललो तर मला झपाटलेला ठरवलं. नट फार चांगला असला की असं होतं, अशी मी नंतर स्वतःची समजूत घातली. नट चांगला नव्हता. चेहरा अनोळखी होता, तिथे कुणाचंही सोंग खपलं असतं.

एकच उपाय उरला. मी लिनच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. दोन बोटांनी डोळे ओढले, नाक चेपलं, राशीवरचं रेशीम गोळा करून पाठीवर टाकलं आणि त्या तिवड्याभोवती बैलासारखा तुरुतुरु फिरलो. "बघा. हा आहे तुमचा हवालदार. याचे डोळे मी घेतले, गाठोडं मी घेतलं, चिंध्याही याच्याच. याला ठाऊकसुद्धा नाही."

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला प्रयोग. एकही माणूस हसला नाही. लिन माझ्याकडे बघत होता. आपल्या चेहऱ्याचं मी काय करून हिंडतोय ते त्याला पहिल्यांदाच दिसत होतं, आणि त्याला दाखवणारा मी होतो.

भिकूनं कोयता खाली टाकला. मला हायसं वाटलं. त्यानं तो टाकला होता हात मोकळे करण्यासाठी.

मारण्याचं वर्णन थोडक्यात करतो, कारण त्यात माझं काही कर्तृत्व नाही. ती माणसं सकाळपासून भात झोडत होती, हात बसलेला होता. पहिल्या फटक्याला माझं पागोटं गेलं, दुसऱ्याला चष्मा. त्यानंतर मी मोजदाद सोडली. माझी पिशवी कुणाच्या तरी पायाखाली गेली, लशीची डबी उघडली आणि नळ्यांवरून आठ-दहा माणसं नाचल्यासारखी गेली. मी सरकारी नोकर असल्याचं ओरडून सांगत होतो, त्यानं फटक्यांना जोर येत होता.

तर प्राध्यापकसाहेब, माझं म्हणणं इतकंच. लिनला बांधल्यावर गावानं अर्धा दिवस चर्चा केली. हा कोण, कुठल्या रंगाचा, याच्या मागे कोण येईल. त्याला मारायला त्यांना आधी एक गोष्ट हवी होती, आणि ती मी पुरवली होती. गोऱ्या साहेबाला तर म्हातारीचा पाय मोडूनही दूध मिळालं. मला मारताना कुणी दोरी शोधली नाही, कुणी आबांना विचारलं नाही. माझा रंग त्यांच्यासारखा, भाषा त्यांची, तोंड ओळखीचं. मला मारायला चर्चा लागत नाही, आणि मला हात तुटायचीही भीती नव्हती. मार खाताना मला पक्कं ठाऊक होतं की हे मला ठार करणार नाहीत. लिनला तसं ठाऊक असायला काही आधार नव्हता. हा फरक तुमच्या व्याख्यानात आला नाही. कदाचित घंटा लवकर वाजली म्हणून माझाही सांगायचा राहिला.

पुढचं आधी सांगून टाकतो. पोर सापडली, लिन सुटला. आबांनी त्याचं रेशीम स्वतः घडी घालून दिलं, आणि इतकं वाईट घडी घातलेलं रेशीम मी कधी बघितलं नाही. आम्ही दोघं मळवलीपर्यंत चालत आलो. मी लंगडत होतो, तो एका बुटावर. मी वाटभर बोलत होतो. माफी मागितली, नोकरीच्या अडचणी सांगितल्या, पाठ दाखवली. स्टेशनचे दिवे दिसायला लागल्यावर एवढंच म्हणाला, "डाक्टरसाब, तुम देर से पहचाना." कोयत्याबद्दल नाही, सोंगाबद्दल नाही. चहाच्या दुकानात त्यानं नंतर बाक बदललं. वर्षभरानं तो लोणावळ्यातून गेला. कुठे गेला, ते मला कळलं नाही. मला कुणी सांगावं असा माझा हक्कही राहिला नव्हता. हवालदाराचं सोंग मी त्यानंतर केलं नाही. आकडे पडले, साहेबानं पाठीवर थाप मारायचं बंद केलं, आणि ते तब्येतीला बरंच होतं.

पण पोर सापडली कशी, ते राहिलं. त्यासाठी पुन्हा खळ्यात चला.

मी राशीवर पालथा पडलो होतो. मारणारे दमून उभे होते, आणि अजून मारावं की पुरे यावर आता कुठे चर्चा सुरू झाली होती. लिन तिवड्यालाच होता. सूर्य डोंगराला टेकला होता आणि भिकू पुन्हा कोयत्याकडे बघत होता, कारण हवालदार खोटा निघाला तरी पोर काही सापडली नव्हती. सोंग डाक्टरचं असेल, पण चिंधी याचीच, असं कुणी तरी म्हणालं आणि दोघांनी माना हलवल्या.

तेवढ्यात गर्दीतून भिकूची आई ठकूआजी पुढे आली. दुपारपासून ती खळ्याच्या कडेला एका दगडावर बसून होती, एक शब्द न बोलता. मी तिला चांगला ओळखत होतो. तिच्या मोठ्या नातवाला मी टोचलं होतं, आणि त्याच पंधरवड्यात तो तापानं गेला होता. ताप हिवाचा होता, असं मी वहीत लिहिलं होतं. ठकूआजीला वही वाचता येत नव्हती.

ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, पाणी देते. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. वाकून तिनं माझी पिशवी उलटी केली, डबी उचलून झाडली. भातावर काचांचा चुरा पडला. तो तिनं बोटानं इकडे-तिकडे सारला, एकही नळी शाबूत नाही याची खात्री केली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

भिकूनं विचारलं, "काय हुडकतीस, आये?"

ठकूआजी म्हणाली, "फुटल्या न्हवं समद्या? मंग आनते पोरीला. पल्याडच्या वाडीला तुज्या भयनीकडं ठिवलीया फाटंपासनं."